यीस्टचे पोषण आणि द्राक्षरसाचे किण्वन

माडाची नीरा रात्री चुना लावलेल्या मडक्यात धरली तर सकाळपर्यंत ती गोड राहते. चुन्याविना धरलेली नीरा मात्र उन्हे चढू लागताच फेसाळते आणि दुपारपर्यंत तिची माडी होते. द्राक्षाचा रस, उसाचा रस, काजूच्या बोंडांचा रस यांचीही गत हीच. गोड रस आंबतो हे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. परंतु तो कोण आंबवितो आणि कशासाठी आंबवितो, ह्याचा उलगडा होऊन अद्याप दोनशे वर्षेही झालेली नाहीत. हा उलगडा प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. द्राक्षाची बाग वाईनसाठी लावणाऱ्या बागाईतदाराच्या पदरात हंगामाच्या शेवटी काय पडावयाचे, ते पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक, सांगली, पुणे ह्या जिल्ह्यांतील अनेक बागाईतदारांनी शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो अशा जातींची लागवड कारखान्यांशी करार करून केली. खाण्याच्या द्राक्षाची पारख डोळ्यांनी होते. मण्याचा आकार, रंग आणि घडाची ठेवण पाहून व्यापारी भाव ठरवितो. वाईनच्या द्राक्षाचे तसे नाही. त्याचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो. कारखान्याने माल नाकारला तर तो पेटीत भरून बाजारात नेण्याजोगा नसतो. ह्या द्राक्षाची खरी परीक्षा टाकीत होते आणि परीक्षक असतो यीस्ट नावाचा एकपेशीय जीव. त्याला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे बागाईतदारास ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यीस्ट ही बुरशीच्याच कुळातील सूक्ष्म जीवजात होय. तिची पेशी एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असते व ती बहुधा अंकुर फुटून वाढते. किण्वनाच्या कामी येणाऱ्या मुख्य जातीस शास्त्रज्ञ सॅकरोमायसिस सेरेव्हिसी म्हणतात. पाव फुगविणारे, मळीपासून मद्यार्क करणारे आणि द्राक्षरसाची वाईन करणारे यीस्ट बहुधा ह्या एकाच जातीचे असते. वाण तेवढे निरनिराळे. गोव्यात पाव फुगविण्यासाठी पोदेर पूर्वी माडाची सूर वापरीत, त्यातही हेच काम चाले.

फ्रान्समधील लील शहरी बिटाच्या रसापासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखानदाराचा माल वारंवार बिघडू लागला, तेव्हा तो १८५६ च्या सुमारास लुई पाश्चर ह्यांच्याकडे गेला. पाश्चर ह्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली चांगल्या व बिघडलेल्या पिंपांतील रस तपासला आणि पुढील काही वर्षांत असे सिद्ध केले की, किण्वन ही जिवंत पेशींची क्रिया आहे. १८९७ साली जर्मनीत एड्युआर्ड बुख्नर ह्यांनी यीस्ट वाटून त्याचा पेशीविरहित रस काढला. तो रसही साखरेचा मद्यार्क करतो असे आढळले. याचा अर्थ असा की, पेशीतील विकरे हे काम करतात आणि पेशी ही त्या विकरांची कर्मशाळा आहे. ह्या शोधाबद्दल बुख्नर ह्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यीस्ट हे सारे कशासाठी करते? मद्यार्क हे त्याचे ध्येय नव्हे. जगणे आणि वाढणे ह्यांसाठी त्यास शक्ती लागते आणि ती साखर मोडून मिळते. द्राक्षशर्करेचा एक रेणू दहा पायऱ्यांनी मोडून त्याचे दोन अर्धे भाग होतात. ह्या अर्ध्यास पायरुव्हिक अम्ल म्हणतात. मोडण्याच्या ह्या खटाटोपात शक्तीचे दोन सुटे नाणे पेशीच्या गाठी पडतात. परंतु त्याबरोबरच साखरेतून निघालेला हायड्रोजन एका वाहकावर चढतो. ह्या वाहकांची संख्या पेशीत मर्यादित असते. गाडा रिकामा केल्याशिवाय पुढची खेप भरता येत नाही, त्याप्रमाणे वाहक रिकामे झाले नाहीत तर साखर मोडण्याचे कामच थांबते. तेव्हा यीस्ट पायरुव्हिक अम्लातून कार्बन डायऑक्साइड वायू काढून टाकते, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर वाहकावरील हायड्रोजन उतरविते आणि त्याचा मद्यार्क होतो. वाहक मोकळा होतो आणि पुढची खेप सुरू होते. माणूस ज्यासाठी सारा उपद्व्याप करतो तो मद्यार्क यीस्टच्या लेखी ओझे उतरविण्याची जागा आहे, एवढेच.

हिशेबाने पाहता १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम वायू मिळावयास हवा, म्हणजे मद्यार्काचा उतारा शेकडा ५१. प्रत्यक्षात तो नेहमीच काहीसा कमी भरतो. काही साखर यीस्टच्या नव्या पेशी बांधण्यात खर्च होते, काहींचे ग्लिसरीन होते आणि अल्पसे सक्सिनिक व ॲसेटिक अम्ल होते. व्यवहारात एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे आकारमानाने शेकडा १ मद्यार्क होतो असे धरतात. २२ ब्रिक्सच्या द्राक्षापासून शेकडा १२ ते १३ मद्यार्काची वाईन होते ती ह्या हिशेबाने.

ह्या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्राणवायू मिळाला तर यीस्ट साखर पूर्णपणे जाळू शकते आणि त्यातून तिला अनेक पटींनी अधिक शक्ती मिळते. मग हवा दिली असता तिने मद्यार्क करू नये असे कोणासही वाटेल. परंतु भोवती साखर मुबलक असेल तर हवा असूनही ती मद्यार्कच करीत राहते. पावाचे यीस्ट तयार करणारे कारखाने हे जाणून असतात. ते मळी एकदम न ओतता थेंबाथेंबाने देतात आणि टाकीत जोराने हवा सोडतात. साखर कधीच साचू न दिल्याने मद्यार्क जवळजवळ होत नाही व १०० भाग साखरेमागे सुमारे ५० भाग कोरडे यीस्ट पदरात पडते. तीच मळी पाण्यात कालवून एकदम टाकीत भरली आणि हवा बंद केली की यीस्ट थोडे आणि मद्यार्क फार. मळी तीच व यीस्टची जातही तीच. खाऊ घालण्याची रीत बदलल्याने माल बदलला. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ह्याच तत्त्वाचा निराळा उपयोग केला. टाकीत सल्फाइट घातले असता ॲसिटाल्डिहाइड त्याच्याशी जखडले जाते, यीस्टला हायड्रोजन उतरविण्यास दुसरी जागा शोधावी लागते आणि मद्यार्काऐवजी ग्लिसरीन वाढते. स्फोटके करण्यासाठी ते ग्लिसरीन वापरण्यात आले.

द्राक्षरसाच्या टाकीत साखरेची वाण कधीच नसते. वाण असते ती नत्राची, आणि बागेचा टाकीशी संबंध येतो तो येथे.

एका मिलिलिटर रसात आरंभी सुमारे १० लाख यीस्ट पेशी सोडतात. दोनतीन दिवसांत त्या १० कोटींच्या घरात जातात. इतक्या पेशी बांधावयाच्या म्हणजे प्रथिने हवीत आणि प्रथिनांस नत्र हवे. यीस्ट अमोनिया व बहुतेक अमिनो अम्लांतील नत्र घेऊ शकते. प्रोलिन नावाचे अमिनो अम्ल द्राक्षात भरपूर असते, परंतु ते वापरण्यास प्राणवायू लागत असल्याने बंद टाकीत त्याचा उपयोग होत नाही. यीस्टला घेता येईल असे नत्र एका लिटरमागे निदान १४० मिलिग्रॅम असावे असे सर्वसाधारणपणे मानतात. रस जितका अधिक गोड तितकी ही गरज वाढते. नत्र त्याहून कमी असेल तर किण्वन रेंगाळते आणि पुष्कळदा साखर शिल्लक असतानाच थांबते. यीस्ट द्राक्षशर्करा आधी व फलशर्करा मागाहून खात असल्याने अशा टाकीत उरते ती मुख्यत्वे फलशर्करा, आणि ती अधिक गोड असते. कोरडी म्हणून करावयाची वाईन गोडसर राहते, अर्धवट थांबलेल्या टाकीवर जिवाणू तुटून पडतात आणि तो माल सावरणे कारखान्यास फार कठीण जाते.

नत्राची उणीव आणखी एका मार्गाने बाधते. यीस्टला गंधकयुक्त अमिनो अम्ले स्वतः तयार करावी लागतात. त्यासाठी ती रसातील सल्फेटपासून सल्फाइड करते आणि ते नत्रयुक्त सांगाड्यास जोडते. सांगाडा तयार नसेल तर सल्फाइड जोडावयाचे कशास? ते हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने पेशीबाहेर पडते आणि टाकीस कुजक्या अंड्याचा दर्प येतो. कारखानदार अशा वेळी डायअमोनियम फॉस्फेट किंवा यीस्टपासून केलेले खाद्य घालतो व काम बहुधा भागते. तरीही मण्यातच असलेले विविध अमिनो अम्लांचे नत्र आणि वरून घातलेला अमोनिया ह्यांत फरक आहे, तो पुढे वासाच्या संदर्भात येईल.

ह्यावरून बागेत नत्रखताचा मारा करावा असा अर्थ मात्र कोणी काढू नये. नत्र अधिक झाले की वेल माजतो, कॅनोपी दाट होते, घडांत हवा खेळत नाही, भुरी व कूज वाढते आणि मणी उशिरा पिकतो. एप्रिल छाटणीनंतर व ऑक्टोबर छाटणीनंतर देठ परीक्षण करून खताची मात्रा ठरविणे हाच सरळ मार्ग होय. परीक्षणात नत्राची उणीव दिसली तर मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास युरियाची सौम्य फवारणी केल्याने वेल फारसा न वाढता रसातील नत्र वाढते, असे परदेशांतील प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्याकडे असा उपाय योजण्यापूर्वी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

गंधकाचे दुसरे मूळ थेट बागाईतदाराच्या पंपात असते. भुरीवर गंधक हे जुने, स्वस्त व खात्रीचे औषध आहे आणि त्याचा त्याग करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु मण्यावर राहिलेले मूलद्रव्यरूपी गंधक टाकीत गेले की किण्वन चालू असताना त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि त्यास रसात नत्र भरपूर असले तरी आळा बसत नाही. पांढऱ्या वाईनसाठी रस आधी निवळून घेतात, त्यामुळे पुष्कळसे गंधक गाळाबरोबर निघून जाते. तांबडी वाईन सालींसह आंबवितात. तेथे हा बचाव नाही. म्हणून शिराझ, कॅबर्ने अशा जातींवर काढणीपूर्वी निदान पाच आठवडे गंधकाची फवारणी वा धुरळणी बंद ठेवणे इष्ट. भुरीचा जोर असल्यास त्या काळात पोटॅशियम बायकार्बोनेटसारखी अन्य उपाययोजना शिफारशीप्रमाणे करता येते. केवड्यासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातील तांब्याचेही असेच आहे. ते मण्यांवर फार राहिले तर यीस्टची वाढ मंदावते, आणि सोव्हिन्यो ब्लाँचा जो खास वास असतो तो तांब्यामुळे मारला जातो. फवारणीची तारीख, औषध व मात्रा वहीत टिपून ती वही मालाबरोबर कारखान्यास दाखविण्याची सवय चांगली. टाकीस दर्प आला तर दोष कोणाचा, हा वाद पुष्कळदा केवळ ह्या नोंदींच्या अभावी बागाईतदाराच्या अंगावर येतो.

वाईनचा वास म्हणजे केवळ द्राक्षाचा वास नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ फेलिक्स एर्लिश ह्यांनी १९०७ साली दाखविले की, यीस्ट अमिनो अम्लातील नत्र काढून घेते आणि उरलेल्या भागाचा उच्च मद्यार्क करून तो बाहेर टाकते. हे उच्च मद्यार्क व अम्ले ह्यांच्या संयोगाने एस्टरे होतात. पिकलेल्या केळाचा जो वास, तो आयसोअमिल ॲसिटेट ह्या एस्टराचा. नव्या पांढऱ्या वाईनमध्येही तो आढळतो. मण्यांत अमिनो अम्ले कोणती व किती, ह्यावर हा सारा वास अंशतः अवलंबून असतो. नुसत्या अमोनियाने पेशी वाढतात, पण वासाची ती विविधता येत नाही. वर म्हटलेला फरक तो हाच.

वासाचा तपमानाशीही निकटचा संबंध आहे. पांढरी वाईन १२ ते १८ अंश सेंटिग्रेडवर सावकाश आंबवितात, कारण उष्णतेत एस्टरे वायूबरोबर उडून जातात. तांबडीस रंग सुटावा म्हणून २२ ते ३० अंश लागतात. यीस्ट साखर मोडते तेव्हा शक्तीचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता कोंडून राहिली तर प्रत्येक अंश ब्रिक्समागे रस सव्वा अंशाहून अधिक तापतो. २२ ब्रिक्सचा रस २५ अंशाने भरला तर हिशेबाने तो ५० च्या पुढे जावयाचा. तितका तो जात नाही, कारण ३५ अंशांच्या आसपासच यीस्ट दुबळे होऊन मरू लागते आणि किण्वन अर्ध्यावर थांबते. मद्यार्काच्या सान्निध्यात तर ते उष्णतेस अधिकच लवकर बळी पडते. आपल्याकडील काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारचे ऊन कडक होते. दुपारी तोडलेला घड ३५ अंशांचा असतो व पहाटे तोडलेला १५ च्या जवळपास. हा वीस अंशांचा फरक टाकी थंड करण्याच्या यंत्रावर पडतो. काढणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी, क्रेट सावलीत ठेवावेत आणि शक्य तितक्या लवकर ते कारखान्यास पोहोचवावेत. मजुरांची सोय पाहता हे अवघड आहे, हे खरे. परंतु भावातील कपात टाळण्याचा ह्याहून स्वस्त उपाय दिसत नाही.

मणी फुटणार नाहीत ही काळजीही तितकीच महत्त्वाची. निरोगी मण्याच्या सालीवर सॅकरोमायसिस फारच विरळ असते. तेथे वस्ती असते ती दुसऱ्या रानटी यीस्टांची. ती शेकडा चारपाच मद्यार्क होईपर्यंत टिकतात, पण तेवढ्यात नत्र खाऊन घेतात व पुष्कळदा नकोसा वास मागे ठेवतात. फुटलेल्या मण्यावर त्यांची संख्या भराभर वाढते. शिवाय चिलटांबरोबर ॲसेटिक अम्ल करणारे जिवाणू येतात. त्यांना हवा मिळाली की ते मद्यार्काचे शिरका करतात. क्रेट वरपर्यंत दाबून भरल्यास तळाच्या मण्यांचा रस वाहू लागतो आणि वाहनातच आंबण्यास आरंभ होतो. कारखान्यात सल्फर डायऑक्साइडची मात्रा देऊन ह्या जीवांस आवर घालतात. मात्र बिघडलेला माल त्याने सुधारत नाही.

साखर जितकी अधिक तितका माल चांगला, अशी समजूत काही ठिकाणी आहे आणि ब्रिक्सवर भाव ठरत असल्याने ती स्वाभाविकही आहे. परंतु घड वेलीवर फार काळ ठेवून ब्रिक्स २६-२७ वर नेले तर टाकीत निराळेच घडते. दाट गोड रसात पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. ते सावरण्यासाठी यीस्ट ग्लिसरीन करते, त्यात हायड्रोजनाचे वाहक वाजवीपेक्षा अधिक रिकामे होतात आणि तोल राखण्यासाठी ती ॲसेटिक अम्ल वाढविते. एकही जिवाणू शिरला नसताना वाईनला शिरक्याचा वास येतो तो असा. शिवाय अशा द्राक्षाचे आम्ल उतरलेले असते. करारात ब्रिक्सची खालची मर्यादा असते तशी वरची मर्यादाही विचारून घ्यावी, आणि रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन बागेच्या निरनिराळ्या भागांतील मणी एकत्र करून घ्यावे. उन्हातील दोनचार घडांवरून घेतलेले वाचन फसवे असते.

बागाईतदारांपैकी काहींनी स्वतःचे लहान कारखाने काढले आहेत. मद्यनिर्मितीस महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवाना लागतो. परवान्याविना घरी प्रयोग करू नयेत. अशा लहान कारखान्यांत एक धोका दुर्लक्षिला जातो. २२ ब्रिक्सच्या एका लिटर रसातून ५० लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हजार लिटरांची एक टाकी ५० हजार लिटर वायू सोडते. हा वायू हवेहून जड असतो, त्यास वास व रंग नसतो, आणि तो टाकीच्या तळाशी, जमिनीखालील हौदात किंवा बंद खोलीत साचून राहतो. तांबड्या वाईनची टाकी रिकामी केल्यावर तळाचा चोथा काढण्यासाठी माणसास आत उतरावे लागते आणि अपघात बहुधा त्या वेळी होतात. आत पडलेल्या सोबत्यास वाचविण्यासाठी घाईने उतरलेला दुसरा माणूसही दगावतो. कंदील पेटता राहिला म्हणजे हवा निर्धोक, ही विहिरीवरची जुनी परीक्षा येथे पुरेशी नाही. माणसास घातक ठरेल इतका वायू असूनही ज्योत काही वेळ जळत राहू शकते. टाकीची खालची व वरची दोन्ही झाकणे उघडून पंख्याने ताजी हवा पुरेसा वेळ आत सोडावी, वायुमापकाने आतील हवा तपासावी, उतरणाऱ्याच्या अंगास पट्टा व दोर बांधावा आणि दोराचे टोक धरून एक माणूस काम संपेपर्यंत बाहेर उभा ठेवावा. त्याने कोणत्याही कारणाने आत उतरू नये. दोर ओढावा व हाक मारून मदत बोलवावी.